पडद्याच्या डावीकडे

१

प्रतिक्षा पावणेतीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. या एका वाक्यावर मी कितीतरी रात्री जागून काढल्या. शेजारी सिद्धांत निवांत घोरत असायचा. मोहोळच्या शाळेत दिवसभर वर्गाला ‘गप्प बसा’ म्हणून आलेल्या नवऱ्याला घरातल्या गप्प पोरीचं काय वाटणार, असा मला राग यायचा, आणि मग त्याचीच दया यायची. मग मी छताकडे बघत स्वतःवरचे आरोप मोजायला घ्यायची. जेवताना मोबाईल दाखवला. पोटात होती तेव्हा तिच्याशी बोलले नाही, कारण पोटाशी बोलायची लाज वाटायची. नाव प्रतिक्षा ठेवलं. निदान नाव ठेवताना तरी विचार करायचा होता.

कान तपासून झाले होते. कान उत्तम. समजायचंही सगळं. ‘चपला आण’ म्हटलं की आणायची, त्याही बरोबर जोडीच्या. हवं ते बोटानं मागायची. तोंडातून मात्र शब्द नाही.

वाचाउपचाराच्या मॅडम सौम्य होत्या, आणि सौम्य माणसं गंभीर गोष्ट सांगतात तेव्हा मला जास्त घाम फुटतो. “एकेक शब्द आला तर छानच,” त्या म्हणाल्या. “पण मला हवेत जोडलेले दोन शब्द. ‘आई ये’, ‘पाणी दे’, काहीही. ज्या दिवशी स्वतःहून दोन शब्द जोडेल त्या दिवशी मला फोन करा. शाळा सुरू व्हायच्या आत नाही झालं, तर पुण्याला पाठवून पुढच्या तपासण्या करून घेऊ. आणि घरात तिच्यासमोर सगळ्यांनी एकसारखं, नीट बोला.”

पुढच्या तपासण्या म्हणजे कसल्या, हे मी त्यांना विचारलं नाही. घरी येऊन इंटरनेटला विचारलं, ती आणखी मोठी चूक.

‘नीट बोला’ मात्र मी मनावर घेतलं. त्याचा सगळा जाच झाला सासूबाईंना. मीनाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते. उन्हाळ्यात त्या जेऊरहून आमच्याकडे जुळे सोलापूरला येतात, नात बघायला आणि कूलरची हवा खायला.

“रेश्मा, माजा चष्मा कुटं ठेवला गं? दिसंना.”

“आत्या, ‘दिसत नाही’ म्हणा ना. ती तुमचं ऐकून तसंच शिकेल.”

“शिकू दे की. काय तरी शिकंल.” चष्मा त्यांच्याच डोक्यावर होता. “तुजा नवराबी लई उशिरा बोलला. आन बोलला तवा पयल्यांदा काय म्हनला, ठावं हाय? ‘भाकर जळली.’ माजीच चूक काडली भाड्यानं.”

मी हसले. मग मनात आलं, भाकर जळली, दोन शब्द, जोडलेले. सिद्धांतला जमलं होतं.

२

मी घरून डेटाबेसची कामं करते. नवी कुणी देत नाही, जुनीच येतात. कुठल्यातरी कारखान्यानं किंवा शाळेनं पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणाकडून तरी एक प्रोग्रॅम बनवून घेतलेला असतो, तो बनवणारा पुण्याला निघून गेलेला असतो, आणि एके दिवशी फॉर्म दिसेनासा होतो. मग मला फोन येतो.

फॉर्म न दिसण्याची कारणं तशी ठरलेली असतात. कुणीतरी फिल्टरची गाळणी लावून काढायला विसरलेलं असतं. फॉर्म फक्त नव्या नोंदीसाठी उघडलेला असतो, त्यामुळे जुनं काही दाखवत नाही. किंवा आत एकही नोंद नसते आणि नवी घालायला मनाई असते, मग बिचारा दाखवणार काय, कोरा करडा चेहरा करून बसतो. कारण असतंच. आणि ते सापडण्याच्या जरा आधी, आता सापडणार असं जे आतून कळतं, त्या वेळेसारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळत नाही. हे मी सिद्धांतला सांगितलेलं नाही.

घाबरलेल्या माणसाला मी पहिलं वाक्य हेच सांगते, “माहिती कुठे गेलेली नाही. आत आहे. फक्त दिसत नाहीये.” रात्री प्रतिक्षाच्या केसांतून हात फिरवतानाही मी हेच पुटपुटत असायची. शब्द आत आहेत. फक्त दिसत नाहीयेत.

तर त्या दुपारी फोन आला चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून. गेटवरचे ईरप्पा बोलत होते.

“मॅडम, फॉर्म दिसंना की.”

“बरं. मग काय दिसतंय?”

“दिसंना म्हनल्यावर काय दिसतंय? बटन दाबतो, टुक्क वाजतंय, आन कायबी न्हाय.”

काम साधं होतं. कामगार गेटच्या केबिनच्या खिडकीशी येऊन कार्ड टेकवणार, त्याचा फोटो आणि नाव एका फॉर्मवर येणार, फॉर्मच्या खालच्या पट्टीत दोन बटणं, ‘आत घ्या’ आणि ‘थांबवा’. ईरप्पा त्यातलं एक दाबणार. “माउस कोन धरतंय,” ते म्हणाले, “एंटर हाणला की आत.”

त्यांच्या साहेबांनी मला प्रोग्रॅमची एक प्रत पाठवली. कामगारांची माहिती बाहेर द्यायची नाही म्हणून सगळी नावं, सगळे फोटो काढून टाकलेली, रिकामी प्रत. मला चालणार होतं. मला माणसं नको होती, फॉर्म हवा होता.

मी जेवणाच्या टेबलावर काम करते. माझ्या मागे बाल्कनीचं दार, समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या पलीकडे, माझ्याकडे तोंड करून, प्रतिक्षा तिच्या उंच खुर्चीत. तिला लॅपटॉपची नुसती पाठ दिसते आणि पाठीच्या वर माझा चेहरा. माझ्या डाव्या हाताला भिंतीपर्यंत मोकळी जागा. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

मी बटण दाबलं. टुक्क. काही नाही. ईरप्पांचं बरोबर होतं.

मग मी सॉफ्टवेअरलाच विचारलं, फॉर्म उघडा आहे का? उत्तर आलं, उणे एक. याच्या भाषेत ‘हो’ म्हणजे उणे एक. कुणी ठरवलं कुणास ठाऊक. म्हणजे फॉर्म उघडा होता. कुठे आहे, विचारलं. डावीकडून अंतर सांगितलं तेही उणे, आणि चांगलंच उणे. माझ्या अंगावर शहारा आला, तो आनंदाचा. मी ईरप्पांना फोन लावला.

“मामा, केबिनमध्ये आधी दुसरा स्क्रीन होता का? डाव्या बाजूला?”

“व्हता की. भायेरच्या खिडकीत, येनाऱ्याकडं तोंड करून. आपला फोटू, आपलं नाव बगून मानसं आत यायची. सायबांनी काडून नेला परवा.”

सापडलं. स्क्रीन गेला, पण प्रोग्रॅमला कुणी सांगितलं नाही. तो अजूनही फॉर्म तिकडेच लावत होता. फॉर्म व्यवस्थित उघडत होता, फक्त पडद्याच्या डाव्या कडेबाहेर, हवेत.

“सापडलं बघ,” मी टेबलावर थाप मारून म्हटलं आणि आनंद वाटून घ्यायला प्रतिक्षाकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. वरणभाताचा चमचा हातात तसाच धरून, मान जराशी वर करून, ती माझ्या डावीकडच्या मोकळ्या जागेत बघत होती.

मी फॉर्म बंद केला. तिनं मान खाली घातली आणि भात खाल्ला.

३

पहिल्या वेळी मी लक्ष दिलं नाही. मुलं कुठेही बघतात. पण दुरुस्ती करताना एकच फॉर्म पुन्हा पुन्हा उघडावा आणि मिटावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तेच झालं. टुक्क, मान वर. बंद, मान खाली.

मी शिकलेली बाई आहे. आधी मला माझाच संशय आला. मीच डावीकडे नजर टाकत असेन, ती माझं बघून बघत असेल. म्हणून बाल्कनीकडे मान वळवून कळ दाबली. मोबाईलवर तिचं चित्रण चालू ठेवलं होतं, ते नंतर बघितलं. तिनं बरोबर त्याच वेळी मान वर केली होती. मग वाटलं, कळेचा आवाज असेल. लॅपटॉपचा आवाज बंद केला, उशीखाली हात घालून कळ दाबली. आत्या दारातून म्हणाल्या, “ह्ये काय, अंडी उबवतीस का?”

तरीही तेच.

शेवटी मी फॉर्मवर टायमर बसवला. तुझ्या मनानं कधीही उघड, कधीही मिट, मला सांगू नको, वेळ फक्त लिहून ठेव. आणि प्रतिक्षाला आत स्वयंपाकघरात आत्यांजवळ बसवलं, बाहेरच्या खोलीकडे पाठ करून. मी दोघींसमोर गवार निवडत बसले. मलाच माहीत नव्हतं तर मी तिला कळवणार कशी? गवार अर्धी झाली असेल, प्रतिक्षाच्या हातातली वाटी थांबली. ती वळली आणि दारातून बाहेर बघायला लागली, टेबलाकडे, टेबलाच्या डाव्या बाजूला. जराशी मान वर.

नंतर वेळा पडताळून बघितल्या. जुळल्या.

इथं मला भीती वाटायला हवी होती, हे मला कळतं. पण मी हातातली गवार खाली ठेवून तिचा पापा घेतला. जी पोर आजवर हाकेलासुद्धा तीनदा बोलावल्याशिवाय वळत नव्हती, ती वळली होती. एका ठरावीक गोष्टीला, न चुकता. मॅडमच्या भाषेत याला ‘लक्ष देणे’ म्हणतात, आणि ते बोलण्याच्या आधीची पायरी असतं. मी रात्रभर वाचलं. काही बारीक आवाज मुलांनाच ऐकू येतात, मोठ्यांचे कान त्याला निकामी झालेले असतात, असं एका ठिकाणी सापडलं. झालं. फॉर्म उघडला की लॅपटॉपच्या आत कुठलातरी भाग बारीक शीळ घालत असणार आणि ती शीळ तिला ऐकू येत असणार. कारण असतंच.

शीळ लॅपटॉपमधून येत असेल तर ती लॅपटॉपकडे का बघत नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. मग लॅपटॉप मिटून टाकला.

आणखी एक. ती भिंतीकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघताना डोळे लांब जातात, हे आईला कळतं. हिचे डोळे अलीकडेच, टेबलाच्या कडेशी थांबायचे. एकदा मी उठून नेमकी त्या जागी जाऊन उभी राहिले. प्रतिक्षानं कपाळाला आठ्या घातल्या आणि टीव्हीसमोर कुणी आलं की करते तसं डोकं एकदा इकडून, एकदा तिकडून काढून बघायला लागली. मी बाजूला झाले. तिच्या आठ्या गेल्या.

४

‘ये’ आला एका सोमवारी. आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस होता. आत्या बादल्या, पातेली, जे भरता येईल ते भरत होत्या. मी फॉर्म उघडून ठेवला होता, आता दुरुस्तीसाठी नव्हे, प्रतिक्षासाठी. दिवसातून चार-पाच वेळा उघडायची, टॉनिकचा चमचा दिल्यासारखा. तिनं मान वर केली, हसली, चमचा ठेवला, आणि हाताची बोटं आत ओढत म्हणाली, “ये.”

मी आत्यांना हाक मारली. आत्या ओल्या हातांनी धावत आल्या.

“पुन्हा म्हण, प्रतू. ये.”

“ये,” प्रतिक्षा म्हणाली. त्या जागेला.

आत्यांनी ओले हात तिच्या गालावरून उतरवून कानशिलावर बोटं मोडली. “म्हनलं व्हतं की मी. उगंच डाक्टरची धन करत व्हतीस.” मी सिद्धांतला फोन केला, तो वर्गात होता, तरी त्यानं उचलला आणि मागे सगळा वर्ग टाळ्या वाजवतोय असं मला ऐकू आलं. त्यांना त्यानं कशासाठी वाजवायला लावल्या कोण जाणे. संध्याकाळी तो येताना पेढे घेऊन आला. मी रडले. दिवसा उघडाच राहिलेल्या नळानं टाकी भरून पाणी खाली गेलं होतं, म्हणून खालच्या मजल्यावरच्या वैजयंतीबाई ओरडत वर आल्या आणि पेढा खाऊन खाली गेल्या.

मी मॅडमना कळवलं. “अरे वा,” त्या म्हणाल्या. “कुणाला म्हणते?”

“मला,” मी म्हणाले.

पुढचे दिवस मी हवेत होते. सकाळी उठल्या उठल्या लॅपटॉप उघडायची. भात, ये. दूध, ये. ती हसायची, हात हलवायची, पाय झाडायची. टाळ्याही पिटायला शिकली. फॉर्म मिटला की पुन्हा पहिल्यासारखी, बोटानं मागणारी गप्प पोर. मग मी मिटणंच कमी केलं.

आणि एके दिवशी ‘ये’चा ‘या’ झाला.

आत्यांना कोण कौतुक. “बगितलंस? मानानं बोलाय लागली की पोरगी. तू माज्याबद्दल अजून ‘ती आली, ती गेली’ म्हनतीस फोनवर भावाशी बोलताना, ऐकू येतंय मला.”

मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, संगणक नंतर शिकले. ‘या’ दोन प्रसंगी म्हणतात. समोरचा मोठा असला तर, किंवा समोर एकाहून जास्त असले तर. आदरार्थी की अनेकवचनी, एवढाच प्रश्न होता. आदरार्थी असावं, अशी मी आशा केली. मग स्वतःलाच हसले. कुणासाठी आशा करत होते मी? शीळ घालणाऱ्या लॅपटॉपच्या तुकड्यासाठी?

५

ईरप्पांचं काम मी केव्हाच करून दिलं होतं. प्रोग्रॅममधली ती एक ओळ काढली, ‘नेहमी मधोमध उघड’ एवढं सांगितलं, आणि नीट झालेली प्रत पाठवून दिली. बिघडलेली प्रत माझ्याकडे ठेवली. हे कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

ईरप्पांचा फोन आला. “मॅडम, लई ब्येस झालं. आता दिसाय लागलं.”

“आणि कामगारांना कळतं ना, आता बाहेर स्क्रीन नाही ते?”

“कळतंय की. पर सवय वाईट बगा. स्क्रीन न्हाय तरी लोकं तितंच यिऊन हुबी ऱ्हात्यात. तोंड वर करून, कुनी आत घ्यायची वाट बगत.” ते हसले. “मीच वरडतो मग, हितं या की, तितं काय हाय आता?”

मी पण हसले. फोन ठेवला. समोर प्रतिक्षा माझ्या डावीकडे बघून, तोंड वर करून, हात हलवत होती. “या.”

त्या दुपारी आत्या तिच्यासाठी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करत बसल्या होत्या. कुस्करता कुस्करता त्यांची नजर प्रतिक्षाच्या नजरेमागे जात होती.

“रेश्मा, ही कुनाला या म्हनती?”

“कुणाला नाही, आत्या. आवाजाची सवय लागलीय.”

“आवाज बसल्याला असतोय का हुबा?”

मला कळलं नाही, त्यांना काय म्हणायचंय. त्यांनी भाकरीचा घास हवेत धरून दाखवला. “आदी ही हितं बगायची. आता बग, मान किती वर करती. आन मागल्या आटवड्यापास्नं बगती, तितं येकदा, मग त्याच्या शेजारी येकदा. मोजल्यावानी.”

“आत्या, उगाच काहीतरी नका सांगू.”

“बरं, न्हाय सांगत. येक सांग फकस्त.” त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “तुला ती येकदा तरी आई म्हनली का गं?”

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि आत जाऊन उगाच कपड्यांच्या घड्या घातल्या. घातलेल्याच होत्या, त्या मोडून पुन्हा.

नव्हती म्हणाली. आणि नुसतं म्हणाली नव्हती असंही नाही. गेले कितीतरी दिवस तिनं माझ्याकडे बघितलंच नव्हतं. घास मी भरवत होते, हसणं तिकडे होतं. मी समोर बसलेली होते, डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, आणि माझी पोर तिचे सगळे शब्द टेबलाच्या डाव्या बाजूला देत होती. मला त्या रिकाम्या जागेचा हेवा वाटला. हे लिहायलाही विचित्र वाटतं, पण दुसरा शब्द नाही.

६

विचार असा होता. माझ्या कामातल्याइतकाच सरळ. तिला जे काही दिसतंय ते फॉर्मबरोबर उघडतं, फॉर्मच्या जागी दिसतं. मग फॉर्म तिकडे कशाला ठेवायचा? फॉर्म माझ्याकडे आणायचा. म्हणजे ती माझ्याकडे बघेल, आणि ‘या’ म्हणेल ते मला म्हणेल. मग हळूच त्या जागी ‘आई’ बसवता येईल. सुचलं तेव्हा मला तोच आनंद झाला, आता सापडणार, आता सापडणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आतल्या खोलीत कूलरसमोर झोपल्या होत्या. प्रतिक्षा खुर्चीत, पुढ्यात वरणभात. मी फॉर्म उघडला. टुक्क. तिची मान वर गेली. हसली.

पडद्याबाहेर गेलेला फॉर्म आत आणायची एक जुनी युक्ती आहे. कळफलकावरूनच त्याला ‘हल’ म्हणायचं आणि मग उजवीकडचा बाण दाबायचा. दर दाबाला तो बोटभर सरकतो. जागेवर आला की एंटर.

मी बाण दाबला.

प्रतिक्षाचे डोळे हलले. किंचित, बोटभर.

पुन्हा दाबला. पुन्हा हलले. मी श्वास धरून दाबत राहिले आणि तिची नजर टेबलाच्या कडेवरून, पाण्याच्या जगवरून, मिठाच्या बरणीवरून माझ्या दिशेनं येत राहिली. माझं काळीज असं धडधडत होतं जसं तिचं पहिलं पाऊल पडताना धडधडलं होतं. ये, बाळ. इकडे. अजून थोडं.

पडद्याच्या डाव्या कडेतून एक करडी पट्टी आत आली. मग रुंद झाली. मग पूर्ण फॉर्म आला आणि मधोमध थांबला. मी इतके दिवस त्याला उघडत होते, पण बघत पहिल्यांदाच होते. काहीच नव्हतं त्यात. आत नोंदी नाहीत, म्हणून वरचा सगळा भाग कोरा, ना फोटो ना नाव. खाली पट्टीत ती दोन बटणं. मी आवाज करून हसले. एवढ्याशा करड्या चौकोनाचा मी हेवा करत होते.

हलवणं संपवायला एंटर एकदा दाबायचा असतो. मी दोनदा दाबला. आनंदात हात थांबला नाही, एवढंच कारण.

पहिल्या एंटरनं फॉर्म जागेवर बसला. दुसऱ्यानं बटण दाबलं गेलं. कुठलं, ते मला ईरप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एंटर हाणला की आत.

टुक्क. फॉर्म आपला आपण मिटला, काम झाल्यावर मिटतो तसा.

एरवी फॉर्म मिटला की प्रतिक्षा मान खाली घालते. या वेळी घातली नाही. तिची नजर लॅपटॉपच्या पाठीवरून वर चढली आणि माझ्या चेहऱ्यावर आली. किती दिवसांनी आली. माझे डोळे भरले.

“प्रतू,” मी म्हटलं. “बघ, मी कोण? आई. म्हण, आई.”

तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

फॉर्म गेल्यावर मागे प्रोग्रॅमचा नुसता काळा पडदा उरला होता. काळ्या पडद्यात माझ्या मागच्या बाल्कनीचा उजेड दिसतो आणि त्या उजेडात माझ्या डोक्याची सावली, हे मी रोज बघते, त्यात बघून केससुद्धा सारखे करते. आताही सावली होती. पण ती पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत गेलेली होती, आणि खांदे दोन्ही बाजूंनी पडद्याबाहेर. पडदा तिरका झाला असेल, मी मनाशी म्हटलं, उजेड वेगळा पडला असेल. बघायला म्हणून मी मान डावीकडे झुकवली. सावली झुकली नाही.

मी पडद्यावरची नजर काढून पोरीकडे लावली. मी तिच्यासमोर होते, हात पुढे केला तर तिच्या गालाला लागेल इतकी समोर. प्रतिक्षानं डोकं एकदा इकडून काढून बघितलं. मग तिकडून काढून बघितलं. टीव्हीच्या आड कुणी आलं की करते तसं. मग तिनं मान वर केली, खूप वर, माझ्या डोक्याच्याही वर कुठेतरी, आणि ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याकडे करावी तशी, स्वच्छ आवाजात, स्वतःहून, दोन शब्द जोडून म्हणाली,

“आई दिसंना.”